दोन शीटांच्या मधली पट्टी

परमेश्वरानं सृष्टी निर्माण केली हे माझ्या साडूंना मान्य आहे, पण तिचं शीट त्यानं नीट लावलं नाही, ही त्यांची कायमची तक्रार आहे. डोंगर कुठेही, नदी कशीही, उत्तर कोणती ते कुठे दाखवलेलं नाही आणि स्केलच्या नावानं तर सगळा आनंदच. हे काम आपल्याकडे आलं असतं तर थोडा उशीर झाला असता, पण माणसाला आयुष्यभर रस्ता विचारत हिंडावं लागलं नसतं, असं ते चारचौघांत म्हणतात आणि म्हणताना हसत नाहीत. त्यामुळे ऐकणाऱ्यालाही हसता येत नाही. साडूंच्या शेजारी बसलं की आपण कसल्या तरी परीक्षेला बसलो आहोत, पेपर सुरू झाला आहे आणि विषय मात्र कुणी सांगितलेला नाही, असं वाटत राहतं. मी त्यांच्या शेजारी पुष्कळ वर्षं बसतो आहे, आणि अजून माझ्या तळहाताला घाम येतो.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. आम्हा दोघांची सासुरवाडी नगर जिल्ह्यातल्या बेलापूरची. ते मला ‘पाहुणे’ म्हणतात, मी त्यांना ‘साडूभाऊ’ म्हणतो, आणि आम्ही एकमेकांशी इतक्या अदबीनं बोलतो की बघणाऱ्याला वाटावं, यांचं नुकतंच भांडण झालंय. नगरला सावेडीत एका बेकरीच्या मागे, तळमजल्यावरच्या ऑफिसात ते नोकरीला आहेत. हॉस्पिटल, हॉटेल, मंगल कार्यालय अशा मोठ्या इमारतींच्या पोटातून हवा खेळवणारे पत्र्याचे बोगदे फिरतात, ज्यांना आम्ही डक्ट म्हणतो, त्यांचे नकाशे तिथे तयार होतात. पूर्वी हे नकाशे नुसत्या रेघांचे असत. आता अख्खी इमारत आधी कॉम्प्युटरमध्ये उभी करतात, भिंती, खांब, छत यांच्यासकट, आणि मग तिच्या एकेका मजल्याचा वरून दिसणारा छेद घेऊन तो छापायच्या शीटवर मांडतात. इमारत उभी करणारी माणसं ऑफिसात दुसरी आहेत. साडू फक्त शीट लावतात. कुठला मजला कोणत्या कागदावर, किती स्केलला, तो कुठे कापायचा, टिपा कुठे बसवायच्या, बाण कुठून काढायचा, हे सगळं त्यांचं राज्य. मी साइटवरचा माणूस. सेंट्रिंग, सळया आणि काँक्रीट यांत माझा जन्म चाललाय. साडूंनी कागदावर मांडायचं आणि मी ते उन्हात उभं करायचं, अशी वाटणी आपोआप होऊन गेली.

शीट कसं लावतात ते मी त्यांच्या खुर्चीमागे उभा राहून पाहिलेलं आहे, आणि उभा असताना दर वेळी माझ्या खिशातला फोन वाजत असतो, कारण साइटवर माणसं खोळंबलेली असतात. साडूंच्या कानावर ते वाजणं जात नाही. ते आधी इमारतीच्या भिंती फिकट राखाडी करतात, इतक्या फिकट की दिसतील न दिसतील. का, असं विचारलं तर म्हणतात, “भिंती आपल्या नाहीत, आर्किटेक्टच्या आहेत. दुसऱ्याच्या घरात गेल्यावर मोठ्यानं बोलू नये.” मग डक्ट गडद. मग प्रत्येक डक्टवर त्याचं माप. ते माप लिहिलेल्या अक्षरांवरून दुसरी कुठलीही रेघ गेलेली त्यांना खपत नाही. “झोपलेल्या माणसाला ओलांडावं का? मग अक्षराला का ओलांडायचं?” असं म्हणून ते माप उचलतात, शेजारी ठेवतात, तिथे दुसऱ्या कुणाची तरी रेघ आडवी येते, मग ते आणखी शेजारी. मागे उभ्या राहिलेल्या माणसाला त्या एका मापाची अशी काळजी लागते की फोन घ्यायचंही सुचत नाही.

पण त्यांचं खरं दैवत याच्या पुढचं. सगळे मजले शीटांवर लागले की ते पहिलं शीट पडद्यावर घेतात आणि एकच बटण भराभर दाबत जातात. एकामागून एक पानं सरकतात. आता साडूंचा असा नियम की पानं सरकली तरी इमारत जागची हलता कामा नये. तळमजल्याची लिफ्ट कागदावर जिथे, तिथेच पहिल्या मजल्याची, तिथेच गच्चीवरची. मधले डक्ट बदलतील, खोल्या बदलतील, पण खांब आणि लिफ्ट आपल्या जागी ठाम. एखादं पान केसभर इकडेतिकडे असलं तर भराभर बघताना इमारत किंचित हलल्यासारखी दिसते. याला साडू ‘इमारत उडी मारते’ असं म्हणतात. माझ्या डोळ्यांना ती उडी आजवर कधी दिसलेली नाही. साडू मात्र “मारली,” असं पुटपुटतात, चष्मा काढतात, पुसतात आणि पहिल्यापासून सुरू करतात. त्या वेळी ऑफिसात चहावाला आला तर तोही दारात थांबतो.

हे ऑफिसापुरतं असतं तर मी काही म्हटलं नसतं. एका धोंड्याच्या महिन्यात सासुरवाडीला आम्हा दोघा जावयांना जेवायला बोलावलं होतं. पंगत बसली, ताटं आली, आणि साडूंचं ताट बघून मी सावरून बसलो, कारण चटणी उजवीकडे होती. सासूबाईंनी घाईत वाढली असणार. बाकी कुणी बघितलंही नसतं. साडूंनी हात मांडीवर ठेवले आणि ते ताटाकडे बघत बसले. जावयांनी घास घेतल्याशिवाय सासऱ्यांना सुरुवात करता येईना, सासऱ्यांनी केल्याशिवाय पंगतीला येईना, पुरणपोळीवरचं तूप थिजायला लागलं. साडूंनी हळूच ताट फिरवून बघितलं, तर चटणी डावीकडे आली पण मीठ पोटाशी आलं. त्यांनी ताट परत होतं तसं केलं. स्वयंपाकघराच्या दारात सासूबाई पदर तोंडाला लावून उभ्या, आपल्या हातून काय गुन्हा घडला ते त्यांना कळेना. शेवटी सासरे म्हणाले, “जावईबापू, पोटात गेल्यावर समदं एकाच शीटवर यायचं हाय.” साडू म्हणाले, “मामा, पोटाची कुणी प्रिंट काढत नाही.” मग मेव्हणीनं, म्हणजे त्यांच्याच बायकोनं, येऊन चटणी बोटानं उचलली आणि डाव्या बाजूला लावली, तेव्हा कुठे पंगतीनं श्वास सोडला.

आणि एवढ्या इमारती ज्याच्या हाताखालून गेल्या, त्या माणसानं त्यातली एकही प्रत्यक्ष पाहिलेली नव्हती. कारण साधं आहे, साडूंना उंचीची भीती वाटते. नुसती वाटत नाही, घाम फुटतो, पाय लटपटतात. बेलापूरला उन्हाळ्यात आम्ही सगळे गच्चीवर झोपतो आणि साडू खाली ओसरीत डासांची सोबत करतात. मी एकदा म्हटलं, साडूभाऊ, निदान तुमचं काम उभं राहिलेलं एकदा येऊन बघा. तर म्हणाले, “पाहुणे, मी रोज बघतो. अख्खी इमारत वरून बघतो. तुम्हाला साइटवर राहून तेवढी कधी दिसते का?” त्यांचं म्हणणं, शीटवर जे नीट आलं ते जगात येणारच, आणि जे शीटवर नाही ते कुणी बापजन्मी बांधणार नाही. हे दुसरं वाक्य ते फार शांतपणे म्हणायचे.

मिरजगावजवळ एका ट्रस्टचं हॉस्पिटल बांधायचं काम आमच्याकडे आलं, आणि त्याच्या डक्टचे नकाशे साडूंच्या ऑफिसकडे गेले. त्या भागातल्या माणसाला ऑपरेशन म्हटलं की नगर गाठावं लागतं. जामखेडकडून बाळंतपणाला निघालेली बाई वाटेत काय काय सोसते ते ट्रस्टच्या लोकांनी आम्हाला पहिल्याच बैठकीत सांगितलं होतं. त्यामुळे त्या इमारतीत सगळ्यांचा जीव कशात असेल तर पहिल्या मजल्यावरच्या ऑपरेशन थिएटरात. थिएटरची हवा साधी चालत नाही. गच्चीवर एक मोठं मशीन बसवायचं, त्यानं हवा गाळून थंड करायची, आणि ती डक्टमधून थेट खाली थिएटरात सोडायची. त्या डक्टला खाली उतरायला गच्चीच्या स्लॅबमध्ये एक चिंचोळी जागा मोकळी ठेवावी लागते. आम्ही तिला कटआउट म्हणतो. स्लॅब भरायच्या आधी तिथे प्लायची पेटी ठोकली की झालं. ठोकायची राहिली आणि काँक्रीट बसलं, की मग देवाचं नाव घ्यायचं. इथे तर एका बाजूला इमारतीचा मोठा बीम आणि दुसऱ्या बाजूला थिएटरची भिंत, मागाहून फोडाफोडी करायलाही जागा नाही.

आता झालं असं की, त्या गच्चीचं शीट लावताना इमारत एका कागदावर मावेना. मग साडूंनी तिचे दोन भाग केले, अ आणि ब, दोन शीटांवर. कापलं तिथे दोन्हीकडे टीप, पुढचं त्या शीटवर पाहा. पण भराभर पानं सरकवली तर भाग अ उडी मारत होता. तो खालच्या मजल्याच्या बरोबर वर बसावा म्हणून साडूंनी त्याची चौकट, म्हणजे शीटवर जेवढा भाग दिसतो त्याची कड, थोडी आत घेतली. उडी थांबली. आत घेतली तेवढीच भाग ब ची चौकट बाहेर ओढायला हवी होती, ती राहिली. दोन शीटांच्या मधून इमारतीची एक अरुंद पट्टी निसटली, आणि कटआउट नेमकं त्या पट्टीत होतं. अ म्हणे ब बघा, ब म्हणे अ बघा. स्लॅबचा हिशेब करणाऱ्या पुण्याच्या मॅडमनीही कटआउट त्याच शीटांवरून घेतलेले, त्यामुळे त्यांच्या नकाशातही ते नाही. एरवी हे सुटलं नसतं, कारण साडू शीटं छापून, जमिनीवर शेजारी शेजारी सतरंजीसारखी पसरून, वरून तपासल्याशिवाय कुणाला देत नाहीत. पण त्या आठवड्यात ऑफिसातलं छापायचं मोठं मशीन दुरुस्तीला गेलं होतं, ट्रस्टची घाई होती, आणि शीटं थेट मोबाईलवर आली.

स्लॅबच्या दिवशी सकाळी आम्ही नारळ फोडून काँक्रीट सुरू केलं. त्याच सकाळी सावेडीत मशीन दुरुस्त होऊन परत आलं. शीटं गेलेलीच होती, छापायचं काही कारण नव्हतं, पण सवयीचा माणूस. साडूंनी दोन्ही शीटं काढली, फरशीवर लावली, आणि ते उकिडवे बसले. हे त्यांनीच मला नंतर सांगितलं. जिथे कापलं त्या रेघेवर एका दाराचं अर्धं चित्र अ वर होतं. उरलेलं अर्धं ब वर मिळेना. त्यांनी शीटं जवळ आणली, लांब केली, खांबांमधलं अंतर मोजलं. अंतर बरोबर यायचं तर दोन शीटांच्या मध्ये कोरी फरशी दिसत होती. आणि त्या फरशीवर काय असायला हवं ते त्यांना आठवलं. त्यांनी मला फोन लावला. माझा फोन साइटवरच्या पत्र्याच्या शेडमध्ये चार्जिंगला होता आणि मी वर मिक्सरच्या आवाजात. ते लावत राहिले. ऑफिसचे मालक गावाला. मग या माणसानं, ज्याची स्कूटर आजवर नगरच्या वेशीबाहेर गेलेली नव्हती, दोन्ही शीटं चिकटपट्टीनं जोडली, शर्टाच्या आत घातली आणि सोलापूर रस्ता धरला.

मला दिसलं ते एवढंच, की चढायच्या तिरक्या फळीवरून हेल्मेट घातलेला एक इसम बांबूला दोन्ही हातांनी मिठी मारत, डोळे मिटून वर येतो आहे. आमच्याकडे असं आपणहून हेल्मेट घालून कुणी आलं की तो सरकारी माणूस असतो. कुणी बिडी विझवली, कुणी पायात घालायला चप्पल शोधायला लागलं. इसम वर आला, तेव्हा मी ओळखलं. ज्या माणसाला सासऱ्याच्या गच्चीचा जिना चढवत नाही तो इथे कसा? घरात काही बरंवाईट झालं असंच मला वाटलं. साडूंनी डोळे उघडले आणि म्हणाले, “पाहुणे, थांबवा.”

त्यांनी शर्टातून शीटं काढून पसरली. दोन नकाशे, आणि मध्ये वरपासून खालपर्यंत पांढरी कोरी पट्टी. “या पट्टीत थिएटरची हवा आहे,” ते म्हणाले. मला कळायला वेळ लागला नाही. काँक्रीट एका टोकाकडून भरत येत होतं, आणि त्या पट्टीपासून ते फार लांब राहिलेलं नव्हतं.

आमचा मुकादम जामखेडचा, शांत गडी, पण स्लॅबच्या दिवशी तो कुणाचाच नसतो. तो म्हणाला, “सायेब, काँक्रीट कुनासाठी थांबत न्हाई. आता मधी थांबलो तर सांधा पडंल. मग जल्मभर गळती हुती, ती कोन निस्तरनार?” त्याचं खरं होतं. मी म्हटलं, थांबू नको, हळू चल, दुसऱ्या अंगानं चल. आणि साडूंना म्हटलं, जागा दाखवा. इथे दुसरं संकट उभं राहिलं. साडूंना इमारत पाठ होती, पण वरून. तिच्यावर उभं राहून त्यांना काहीच ओळखू येईना. सगळीकडे सळयांची जाळी आणि डोक्यावर ऊन. ते शीट इकडे धरत, तिकडे धरत, आणि एकच विचारत, “उत्तर कुठे आहे?” स्लॅबवर असा प्रश्न कुणी विचारत नाही. मी गडबडलो. मुकादमच म्हणाला, “तुमी आलात तिकडं नगर. तिकडंच उत्तर धरा की.” साडूंनी स्वतःभोवती गिरकी घेतली, शीट फिरवलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर ओळख पटल्यासारखं काहीतरी आलं. मग ते खांबांच्या वर आलेल्या सळया एकेक बोटानं मोजत चालायला लागले, जाळीवरून, कडेकडे न बघता. दोनदा अडखळले. एका जागी थांबले आणि मांडी घालून खाली बसले, हेल्मेटसकट.

“उठा, पेटी ठोकायचीय,” मी म्हटलं. “पेटी आणा, मग उठतो,” साडू म्हणाले. “मी उठलो की जागा हरवेल.”

मी पुण्याच्या मॅडमना फोन लावला. सळया कापायच्या म्हणजे त्यांच्या परवानगीशिवाय हात लावायचा नाही. त्यांनी विचारलं, बीमपासून किती लांब. साडूंनी बसल्या जागी सांगितलं. त्यांनी विचारलं, थोडं सरकवता येईल का. साडू म्हणाले, “नाही मॅडम, खाली थिएटरची भिंत येते.” पलीकडून नुसता कागद उलटल्याचा आवाज येत होता. इकडे पाट्या पुढे सरकत होत्या, काँक्रीट दाबून बसवणाऱ्या व्हायब्रेटरचा घुर्रर्र आवाज जवळ येत होता, आणि साडूंच्या गुडघ्यापासून ओलं काँक्रीट मला नजरेनं मोजता येईल इतक्या अंतरावर आलं होतं. मुकादम माझ्याकडे बघत होता, मी फोनकडे. शेवटी मॅडम म्हणाल्या, कापा, चारी बाजूंनी जास्तीच्या सळया द्या, कोपऱ्यांना तिरक्या द्या, आणि भरायच्या आधी मला फोटो पाठवा.

सेंट्रिंगचे चाचा नगरचे, जुने माणूस, माझ्या आधीपासून या धंद्यात. त्यांनी तोपर्यंत प्लायचे तुकडे गोळा करून ठेवले होते. “माप बोला,” ते म्हणाले. साडूंनी माप सांगितलं. चाचा म्हणाले, “बोटभर इकडंतिकडं चालंल ना?” साडू म्हणाले, “नाही.” चाचांनी त्यांच्याकडे एकदा नीट बघितलं आणि फूटपट्टी काढली. सळया कापल्या, नव्या बांधल्या, पेटी बसली, फोटो गेला. त्यातच मुकादमानं विचारलं, “पर ही चूक कुनाची म्हनायची?” ट्रस्टचा माणूस खाली येऊन उभा होता, वर काय चाललंय ते त्याला ऐकू येत होतं. मी म्हणणार होतो की नकाशात थोडा बदल झालाय, असं होतंच. साडूंच्या नोकरीचा प्रश्न होता. पण ते माझ्या आधी बोलले. “माझी. इमारत उडी मारत होती म्हणून मी चौकट आत घेतली.” मुकादमानं हळूच कडेवरून वाकून स्लॅबखालच्या टेकूंकडे बघितलं.

काँक्रीट आलं, पेटीच्या चारी बाजूंनी बसलं आणि पुढे गेलं. साडू एका बाजूला सरकून, पँट मांडीपर्यंत सिमेंटनं माखलेली, ते पुढे जाईपर्यंत पेटीवर हात ठेवून बसले होते. पेटी हलली नाही. ती पार पडल्यावर मात्र त्यांना आपण कुठे आहोत ते कळलं. त्यांनी कडेकडे पाहिलं आणि तिथेच चारी पायांवर आले. चाचांनी त्यांचा एक हात धरला, मी दुसरा, आणि लहान लेकराला जिन्यावरून उतरवतात तसं उलटं, पायरीपायरीनं आम्ही त्यांना खाली आणलं. खाली आल्यावर त्यांनी पाणी मागितलं आणि पिताना त्यांचे दात तांब्यावर वाजत होते. मला त्या क्षणी हा माणूस फार आवडला, हे मी त्यांना तेव्हा सांगायला हवं होतं.

नोकरी गेली नाही. साडूंनी आपणहून सगळ्यांना चूक लेखी कळवली, तेव्हा मालक एवढंच म्हणाले की, साइटवर निभावलं होतं तर लिहून द्यायची काय गरज होती. साडूंना ते बोलणं शिव्यांपेक्षा जास्त लागलं असावं. त्या दिवसानंतर त्यांच्यात काहीतरी मोडलं. शीटं ते आधीसारखीच लावतात, छापून जमिनीवर जास्तच वेळ बघतात, पण ते भराभर पानं सरकवायचं बटण आता दाबत नाहीत. मी एकदा मुद्दाम विचारलं, साडूभाऊ, उडी बघितली का? तर म्हणाले, “मारू दे की थोडी.” मला ते ऐकवलं नाही. ज्या खोडीनं मी इतकी वर्षं वैतागलो, ती गेल्यावर खुर्चीमागे उभं राहण्यात काही अर्थ उरला नाही. आता माझा फोन वाजला की ते वळून म्हणतात, घ्या ना.

हॉस्पिटल सुरू झाल्यावर काही महिन्यांनी त्यांनीच विचारलं, “पाहुणे, मिरजगावला जायचं का?” मी मोटारसायकल काढली. दुपारची वेळ होती. पायऱ्या चढताना त्यांनी कठडा घट्ट धरला होता, पण थांबले नाहीत. थिएटरच्या दारावर लाल दिवा लागलेला होता, आत जाता येणार नव्हतं. वर सगळीकडे पांढरं खोटं छत लागलेलं, डक्ट नाही, स्लॅब नाही, कटआउट नाही, काही म्हणजे काही दिसत नव्हतं. साडूंनी एकदा उत्तरेकडे तोंड केलं, खांब मोजले आणि बंद दाराच्या थोडं पुढे, भिंतीपाशी जाऊन उभे राहिले. तिथे कान देऊन ते ऐकत होते. मलाही ऐकू आलं, भिंतीपलीकडून अगदी बारीक, एकसारखा हवेचा आवाज येत होता.

बाकावर एक म्हातारी बसली होती. शेजारी कापडी पिशवी, तिच्यातून बाळासाठी आणलेलं मऊ जुनं लुगडं डोकावत होतं. तिची नजर दारावरच्या दिव्यावरून हलत नव्हती. बऱ्याच वेळानं तिनं साडूंना विचारलं, “तुमचं कोन हाय आत?”

मी म्हणणार होतो, कुणी नाही आजी, आम्ही सहज आलोय. साडू तिच्याकडे वळले. मग म्हणाले, “आहे थोडंसं.”

म्हातारीनं समजल्यासारखी मान हलवली, पिशवी उचलून मांडीवर घेतली आणि त्यांना बसायला जागा करून दिली. साडू बसले. मीही बसलो. लाल दिवा विझेपर्यंत आम्हा दोघांनाही तिथून उठवेना.